वीतभर नाळ

माझ्या पद्मजामावशीचं प्रसूतिगृह रत्नागिरीत माळनाक्याच्या उताराला होतं. दहा खाटा, एक प्रसूतीची खोली, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत तपासणीला आलेल्या बायकांसाठी दोन लांब बाकं. डॉक्टर मावशी असली तरी दवाखाना सगुणाकाकीच्या हातावर चालायचा. सगुणा पाष्टे, मिरजोळ्याची. नवरा आत्माराम मुंबईला गिरणीत होता. गिरण्या बंद पडल्यावर गावी येऊन शेतीला लागला. मुलगा दीपक दोन वर्षांचा असताना काकी आया म्हणून मावशीकडे आली आणि १९९८पर्यंत तिला तिथे वीस वर्षं झाली होती. शिक्षण चौथीपर्यंत. अंगानं बारकी, नऊवारी घट्ट नेसलेली, चालताना पावलांचा आवाज नाही. मावशी बाईला तारीख सांगायची, काकी वार सांगायची, आणि पुष्कळदा काकीचाच वार खरा ठरायचा.

सुट्टीत आले की मी तिच्या मागे मागे असायचे. औजारं उकळायच्या मोठ्या डब्याजवळ बसून ती मला कोयत्यानं फणस कापून द्यायची. "हात धू गो बाय, मग खा," हे वाक्य मी तिच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असेल.

१९९८च्या मे महिन्यात मी कोकण रेल्वेनं रत्नागिरीला आले. गाडी नुकतीच सुरू झाली होती. गावातली माणसं उगीचच स्टेशनवर जाऊन गाडी बघून यायची. मी तेव्हा चोवीस वर्षांची, मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते. माझा विषय होता रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी. हातापायाच्या स्नायूंसारख्या या आपल्या हुकमात नसतात. आपापल्या आकसतात, सैलावतात, आणि त्यावर रक्ताचा दाब सांभाळला जातो. पण वाहिनीला इजा झाली, किंवा तिच्यावर सतत ताण आला, की या पेशी आपलं काम सोडून देतात, भराभर वाढायला लागतात आणि भिंत जाड, ताठ होत जाते. काम करणाऱ्या आणि काम सोडलेल्या पेशीतला डीएनए अगदी एकच असतो. बदलतात त्या डीएनएवर बसलेल्या बारीक रासायनिक खुणा. कुठली जनुकं उघडी ठेवायची आणि कुठली मिटायची, हे त्यांच्यावर पुष्कळसं ठरतं. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. तेव्हा हा शब्द आमच्या संस्थेतही निम्म्या लोकांना नवा होता.

माझ्या मार्गदर्शकांना एक शंका होती. आई उपाशी असेल तर पोटातल्या मुलाच्या रक्तवाहिन्यांवर जन्माआधीच काही खुणा उमटत असतील का? तपासायला सोपी वस्तू म्हणजे नाळ. नाळेत मुलाच्याच दोन जाड भिंतींच्या धमन्या असतात आणि एरवी ती फेकूनच दिली जाते. मुंबईत नाळा ढिगानं मिळाल्या असत्या, पण तिथल्या मोठ्या इस्पितळांत कित्येक बायका ऐन वेळी यायच्या. नऊ महिने त्यांनी काय खाल्लं हे कुणाला ठाऊक? मावशीच्या दवाखान्यात ते ठाऊक असलेलं एक माणूस होतं.

मावशीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी हरकत नाही. पण आधी सगुणाला विचार. ती नाही म्हणाली तर तुला इथून बोटभर नाळ मिळायची नाही."

काकी धुतलेले कपडे दोरीवर टाकत होती. मी सांगत गेले, ती पिळत गेली. शेवटी म्हणाली, "आमच्याकडे नाळ आणि वार जमिनीत पुरतात. परक्याच्या हातात देत नाय. तू ती कापणार, बाटलीत घालणार. लोकं काय म्हणतील?"

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय, काकी."

"त्या नाळेत तुला काय दिसतं?"

मी स्नायूपेशींचं सांगायला लागले, तेवढ्यात आतून हाक आली. काकीनं ओले हात पुसले आणि मलाही आत घेतलं. दुपारचे तीन वाजले असतील. मुलगी झाली, रडली. मावशी चिमटा लावायच्या आधी काकीनं माझं बोट धरून नाळेवर ठेवलं. नाळ उडत होती, मुलीच्या छातीच्या ठोक्याबरोबर. मग ठोके मंदावले, नाळ बोटाखाली घट्ट होत गेली, आणि उडणं थांबलं.

"बघ," काकी म्हणाली. "आपली आपण मिटते. कोणी सांगायला लागत नाय. तू म्हणतेस तो स्नायू हाच ना?"

दोन वर्षं मी पुस्तकांत वाचत होते की जन्मानंतर नाळेतल्या धमन्या आकसून रक्त थांबवतात. ते बोटाला लागलं त्या दुपारी. ती पुढे म्हणाली, "आणि दुबळ्या बायांची नाळ वेगळी असते. बारीक, सुकी. भरलेली लागत नाय. ते पण लिही तुझ्या कागदावर."

नाळा मिळवायचा मार्गही तिनंच काढला. मधला वीतभर तुकडा आपण घ्यायचा, उरलेली नाळ वारेसकट घरच्यांना द्यायची, म्हणजे त्यांचं पुरायचं राहत नाही. संस्थेच्या समितीची परवानगी मी आणली होती, मराठी संमतीपत्रही होतं. काकी ते बायकांना वाचून दाखवायची, पण आधी आपल्या भाषेत सांगायची. एका सासूनं विचारलं, "आमच्या पोराची नाळ मुंबईला जाऊन काय करणार?" काकी म्हणाली, "तुझा मुलगा मुंबईला जाऊन काय करतो? काम करतो ना? ही पण काम करणार." सासू हसली आणि सुनेनं सही केली.

बर्फ घातलेल्या थर्मासमधून मुंबईला नाळ पोचवायची जबाबदारी कुणा ना कुणा जाणाऱ्यावर असायची. काकी एसटीडी बूथवरून मला फोन करून माणसाचं वर्णन सांगायची. "डबा आठवा. गुरुजी आहेत. पांढरा शर्ट, हातात आंब्याची पेटी." मे महिन्यात त्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आंब्याची पेटी असे. फलाटावर मी भलत्याच तीन गृहस्थांना "नाळ आणलीत का?" असं विचारलं होतं. त्यातल्या एकानं मला चांगलंच सुनावलं.

पहिल्या सात नाळा फुकट गेल्या. पेशी वाढायला ठेवल्या की तिसऱ्या दिवशी बशीत बुरशी. मी गाडीतल्या उकाड्याला दोष दिला, बाटल्या बदलल्या, काही उपयोग झाला नाही. एक दिवस काकीचा फोन आला.

"बाय, त्या थर्मासला बांगड्याचा वास येतोय."

"म्हणजे?"

"बर्फ बंदरावरनं आणतात गो. मासळीचा. वितळला की बाटली आडवी होते नि झाकण त्या पाण्यात बुडतं. मी आज पाणी घालून बघितलं."

मी कपाळावर हात मारला. त्यानंतर तिनं बर्फ पिशवीत बांधायला सुरुवात केली, बाटली उकळलेल्या फडक्यात उभी बसवली आणि थर्मास औजारांबरोबर धुवायला घेतला. आठवी नाळ पूर्णगडच्या तुळसाची होती. नवरा होडीवर, हिचं वजन जेमतेम चाळीस किलो, मुलगा पावणेदोन किलोचा. तिच्या नाळेतल्या पेशी जगल्या. लांबट, निमुळत्या, एकमेकींना लागून ओळीनं वाढलेल्या. मी धावत जाऊन फोन केला. "काकी, जगल्या!" ती म्हणाली, "तुळसाला सांगते. पोरगं पण बरं आहे, दूध ओढायला लागलंय."

तिची वही मला पुढे सगळ्यात उपयोगी पडली. मी दिलेल्या छापील तक्त्यात "आहार" या शब्दापुढे दोनच चौकोन होते, पुरेसा आणि अपुरा. काकीनं त्या चौकोनांना हातही लावला नाही. शाळेची दोनशे पानी वही घेऊन प्रत्येक बाईचं एकेक पान तिनं चालवलं. "सकाळी कोरा चहा. भाकरी अर्धी. दुपारी भात नि कुळथाची पिठी. मासळी फक्त पुरुषांना. सगळ्यांचं झाल्यावर जेवते." मध्येच एखादी ओळ, "खोटं सांगते, सासू बाजूला होती, पुढल्या वेळी एकटीला विचारणे." अक्षर मोठं आणि गोल, काना-मात्रा मनाला येतील तसे. माझे मार्गदर्शक मराठी नव्हते. ते ती पानं माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि म्हणायचे की अशी माहिती गोळा करायला लोक मोठमोठी पथकं लावतात.

अशी चार वर्षं गेली. आज आठवताना ती फार भरलेली वाटतात. दर दोन-तीन आठवड्यांनी फोन, फलाट, थर्मास, त्याच्या कडीला बांधलेली एखादी पुरचुंडी, कधी आमसुलं, कधी तळलेले गरे. मी लग्नाचं वय उलटून चालले म्हणून काकीला काळजी आणि तिच्या दीपकला चांगली नोकरी लागत नाही म्हणून मला. दीपक मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता.

२००२च्या नोव्हेंबरमध्ये मी निकाल घेऊन रत्नागिरीला आले. चाळीसेक नाळांचं काम झालं होतं. कमी वजनाच्या मुलांच्या धमन्यांतल्या पेशींवर काही ठिकाणी खुणा खरोखरच वेगळ्या दिसत होत्या. मावशीच्या तपासणीच्या खोलीत चहा घेत मी दोघींना आलेख दाखवले. मी भारी खुशीत होते.

"आईच्या पोटात जे कमी पडतं," मी म्हटलं, "त्याची खूण त्या स्नायूपेशींवर राहते."

काकीनं विचारलं, "किती दिवस राहते?"

"काही खुणा वर्षानुवर्षं राहत असाव्यात. मोठेपणी ब्लडप्रेशर वाढतं त्याच्याशी याचा संबंध असेल, असं वाटतंय."

काकीनं कप खाली ठेवला आणि ती उठून गेली. बाहेर कुणी हाक मारली असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर पाच आठवडे एकही नाळ आली नाही. आधी वाटलं, बाळंतपणं कमी असतील. मग मावशीचाच फोन आला. "सावनी, तू सगुणाला काय सांगून गेलीस? कामाला येते, पण तोंडातून शब्द नाही. वही कपाटात घालून ठेवलीय." मग तिनंच मला सांगितलं की दीपकला आखातात नोकरी मिळत होती. ऑक्टोबरमध्ये त्याची वैद्यकीय तपासणी झाली, रक्तदाब एकशे सत्तर निघाला आणि नोकरी गेली. वय सव्वीस.

पुढच्या शनिवारी मी मिरजोळ्याला तिच्या घरी गेले. कातळावरचं चिऱ्याचं घर, अंगणात नाचणी वाळत घातलेली. काकी पाटावर बसून सुपात सुकट, ती खारट वाळकी मासळी, निवडत होती. मला बघून ती उठली, पाणी आणून दिलं आणि परत निवडायला बसली. मी बाजूला बसले.

मान वर न करताच ती बोलली. "दीपक माझा चार पौंडाचा व्हता. सुईणीनं तराजूत घातला, म्हणाली, मांजराचं पिल्लू हाय." ती निवडत राहिली. "ह्याच्या वेळी सासूबाई अर्धीच भाकरी द्यायच्या. पोर मोठं झालं तर अडकेल म्हणायच्या. वाईट नव्हत्या गो. त्यांची पयली सून तशीच गेली व्हती, म्हणून भ्यायच्या. मी सातव्या महिन्यात पण लावणीला व्हते. भूक लागायची. कणगीतले तांदूळ मूठभर काढून कच्चेच खायची, कोणाला दिसू नये म्हणून गोठ्यात बसून." सुकटीतला खडा तिनं बाजूला टाकला. "मागून तरी घ्यायचं व्हतं. मागितलं नाय. आता त्याच्या शिरांवर खूण हाय माझी."

चार वर्षं मी तिच्याकडून उपाशी बायकांच्या नोंदी घेतल्या होत्या आणि ती स्वतः त्यातली एक आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी तिला तेव्हा न सांगितलेलं सांगितलं. माझं काम चाळीस नाळांचं आहे, मोठ्या झालेल्या माणसांचं नाही. एखाद्याचा रक्तदाब कशानं वाढला ते त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. दीपकच्या घराण्यात असेल, पाळीचं काम असेल, मीठ असेल, तंबाखू असेल. आणि या खुणा दगडावर कोरलेल्या नसतात. पेशी त्या चढवते तशी उतरवतेही, म्हणूनच तर आम्ही त्यांच्या मागे आहोत. "आणि काकी, ती खूण तुम्ही केलेली नाही. तुमच्यावर जे झालं त्याची ती आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग हे तुझ्या कागदात कसं लिहिणार?"

"म्हणजे?"

"आईनं खाल्लं नाय, असंच ना? तिला दिलं नाय, असं कुठे येणार?"

माझ्या मसुद्यात अगदी पहिल्याच ओळीत आईचं कुपोषण असा शब्द होता. सासू नव्हती, लावणी नव्हती, पहिल्या सुनेचं मरण नव्हतं.

दीपक तेवढ्यात पाळी संपवून आला. उंच, हसरा. आईचा चेहरा बघून त्याला विषय कळला. "अजून तेच चाललंय का? सावनीताई, तुम्हीच सांगा हिला. मी पानावर मीठ घेतो, रोज सुकट हाणतो, विड्या ओढतो. डॉक्टरनी तीन वेळा झापलं मला. आणि खापर ही स्वतःवर फोडते." मग आईच्या पुढ्यातलं सुकटीचं सूप उचलून त्यानं शेजारच्या केरूकाकांच्या अंगणात नेऊन दिलं. "झालं. आजपासून बंद." काकी त्याच्यावर ओरडली, अख्ख्या आठवड्याची सुकट होती ती. पण ओरडता ओरडता तिचे डोळे भरले, आणि मला वाटतं पाच आठवड्यांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती.

तिच्या मनातलं सगळं लगेच गेलं, असं मी म्हणणार नाही. पण डिसेंबर संपताना थर्मास आला आणि वहीची नवी पानंही आली. त्या पानांवरून दवाखान्यात काहीतरी वेगळं चाललंय हे माझ्या लक्षात आलं. जानेवारीत गेले तेव्हा बघितलं. मंगळवारी तपासणीचा दिवस असायचा. काकी सुनांना आत पाठवायची आणि बाहेर पडवीतल्या बाकावर सासवांना धरून बसायची. भाषण वगैरे नाही. स्वतःचीच गोष्ट सांगायची, गोठ्यातल्या कच्च्या तांदळांसकट. एकदा एक म्हातारी म्हणाली, "पण मूल मोठं झालं नि अडकलं तर?" काकी म्हणाली, "अडकलं तर डॉक्टरबाई आहेत आत, हत्यारं आहेत. उपाशी राहिलं तर इथे कोणाकडे हत्यार नाय." मावशी दारात उभी राहून ऐकत होती. पुढच्या मंगळवारपासून तिनं बाकांच्या शेजारी वजनकाटा आणून ठेवला, म्हणजे प्रत्येक सुनेचं वजन किती वाढलं ते सासूनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

मी प्रबंधातली पहिली ओळ बदलली. "आईचं कुपोषण" काढून "गरोदरपणात न मिळालेलं अन्न" अशा अर्थाचं लिहिलं. मार्गदर्शकांनी पेन्सिलीनं खोडलं, मी परत लिहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी कारण विचारलं. मी काकीचा प्रश्न त्यांना सांगितला आणि ती ओळ राहिली.

२००४ साली मला अगदी वेगळीच अडचण आली. काही प्रयोग पुन्हा करायचे होते आणि त्यासाठी कमी वजनाच्या मुलांच्या नाळा हव्या होत्या. फोनवर फोन केले. काकी म्हणायची, "नाय गो मिळत. परवा एक व्हता, पण तो जुळ्यातला." मावशीच्या छोट्या दवाखान्यातले आकडे, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. शिवाय त्या वर्षांत गावात अंगणवाड्या वाढल्या होत्या, रस्ते झाले होते. पण काकीला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी विचारलं, "मग माझ्या प्रयोगाचं काय?" तर फोनवर ती इतकी हसली की मागून मावशीनं तिला काय झालं म्हणून विचारलं.

प्रबंध त्याच वर्षी संपला, पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला. आभारात मी "सगुणा आत्माराम पाष्टे, रत्नागिरी" असं नाव घातलं. छापील प्रत तिला नेऊन दिली तेव्हा तिनं नाव बोटानं शोधलं आणि म्हणाली, "ह्यांचं पण आलं की." आत्मारामकाका दारात विडी ओढत होते. त्यांना ते दाखवल्यावर त्यांनी विडी विझवली, हात पुसले आणि मगच कागद हातात घेतला. दीपक तोवर रोज एक गोळी घेत होता आणि रक्तदाब आटोक्यात होता. आखाताचं राहिलं ते राहिलंच. त्यानं लग्न केलं. त्याला मुलगी झाली, काकीच्याच हातावर, तीन किलो शंभर ग्रॅमची. नाव मनस्वी ठेवलं.

पुढे मी बंगळूरला गेले. फोन कमी झाले, मोबाइल आला तरी कमीच झाले. २००८च्या मार्चमध्ये मावशीनं वयामुळे दवाखाना बंद केला, तेव्हा मी दोन दिवसांसाठी आले. शेवटच्या दिवशी कुणी पेशंट नव्हतं. दुपारी आम्ही सगळ्या पडवीत एकत्र जेवलो. काकीला खुर्चीवर बसायला मावशीनं दहा वेळा सांगितलं, ती काही बसली नाही, खांबाला टेकून जेवली. मग प्रसूतीची खोली तिनं नेहमीसारखी धुऊन काढली, फरशी पुसली, खिडक्या लावल्या. मावशी म्हणाली, "सगुणा, उद्या इथे कोणी यायचं नाही गं." काकी म्हणाली, "म्हणून घाण ठेवायची का?"

साडेचारच्या बसला मी तिला नाक्यावर सोडायला गेले. उन्हं होती. निरोपाचं असं काही आम्ही बोललो नाही. तिनं सांगितलं की यंदा आंबा उशिरा आहे, मोहोर दोनदा आला. मी विचारलं, आता घरी दिवसभर काय करणार? म्हणाली, "झोपेन की. तीस वर्षं झोपले नाय." बस आली. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली. तिनं पदरानं काच पुसली आणि मला हात केला. बस वळेपर्यंत मी उभी होते. मग उतारावरून परत मावशीकडे आले. मावशी पडवीत एकटीच बसली होती आणि तिनं दोघींसाठी चहा ठेवला होता.